विलायतेतल्या गावचं चर्च: पहिल्यांदा आत जाणाऱ्यासाठी

इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर पहिलं दीड वर्ष मी घराजवळच्या चर्चला वळसा घालून बसस्टॉपवर जात होते. आत जायचं तर आपण ख्रिस्ती हवं, नाहीतर निदान कुणीतरी बोलावलेलं हवं, असं मनात पक्कं बसलेलं. शेवटी आत ढकललं ते पावसानं आणि दोन वर्षांच्या लेकानं. चर्चच्या सभागृहात दर मंगळवारी लहान मुलांचा गट भरतो अशी पाटी दारावर होती, आणि घरातली खेळणी दोघांनाही पुरे झाली होती. आज त्या सभागृहाच्या किल्ल्यांचा एक जुडगा माझ्याकडे असतो. मी ख्रिस्ती नाही, घरी देव्हाऱ्यात गणपती आहे. तरी नवीन आलेली मराठी मंडळी मलाच विचारतात, तिथं जायचं कसं? दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी आपली शीव शोधा

चर्च ऑफ इंग्लंडनं सगळा देश पॅरिशमध्ये वाटून टाकला आहे. अशा सुमारे साडेबारा हजार पॅरिश आहेत. तुमचं भाड्याचं घर कुठेही असो, ते कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत पडतंच. म्हणजे तुम्ही भाडेकरारावर सही केलीत त्या दिवसापासून एक चर्च तुमचं आहे, तुम्हाला ठाऊक असो वा नसो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गावचा भैरोबा कुणाचा? गावात ज्याची चूल पेटते त्याचा. यात्रेची वर्गणी दिली नाही म्हणून कुणी गाभाऱ्याच्या पायरीवरून हाकलत नाही. पॅरिशचंही तसंच: ही गावकी आहे, क्लबाचं सभासदत्व नव्हे. व्हिकरवर, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूवर, जबाबदारी असते ती हद्दीतल्या सगळ्यांची, चर्चमध्ये कधीही पाऊल न टाकणाऱ्यांचीसुद्धा. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, कॅथलिक चर्चेसही गावात असतील आणि तिथेही चांगलं स्वागत होईल, पण हद्दीतल्या प्रत्येकाला आपलं मानण्याची ही भानगड चर्च ऑफ इंग्लंडचीच.

आपलं चर्च कोणतं हे पाहायला ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाका. तिथे वेळा असतात, पण खेड्यात राहत असाल तर चर्चच्या बाहेरचा फलकही वाचा. एकाच व्हिकरकडे चार-सहा गावं असतात, त्यामुळे पहिल्या रविवारी इथे, दुसऱ्या रविवारी शेजारच्या गावात असं फिरतं वेळापत्रक असतं. कुलूपबंद दारासमोर थंडीत उभं राहिलं की हा नियम आपोआप पाठ होतो.

कुठल्या वेळेला जावं

रविवारी सकाळी आठची उपासना शांत, छोटी आणि बहुधा गाण्याविना. तिथे १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकातली जुनी इंग्रजी ऐकू येते. मोजकी माणसं लांब लांब बसलेली असतात आणि संपल्यावर पटकन घरी जातात. ज्याला एकटं बसायचं आहे त्याला ती फार आवडेल. नवख्यानं मात्र दहाच्या सुमाराची मुख्य उपासना गाठावी. फलकावर तिला होली कम्युनियन, पॅरिश युकॅरिस्ट, संग युकॅरिस्ट असं काहीही लिहिलेलं असेल. गोष्ट तीच. आपल्याकडची ख्रिस्ती मंडळी जिला प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात तीच ही.

संध्याकाळची इव्हनसाँग मिळाली तर सोडू नका. जवळच्या कॅथीड्रलमध्ये ती बऱ्याचदा आठवड्याच्या मधल्या दिवशीही असते. गायकवृंद गातो, आपण ऐकायचं. काही घ्यायचं नाही, पुढे जायचं नाही, चुकण्यासारखं फारसं काही नाही. भीती मोडायला याहून चांगली जागा नाही.

एकाच चर्च ऑफ इंग्लंडमध्ये घराणी मात्र बरीच आहेत. एका ठिकाणी धूप, घंटी, भरजरी वस्त्रं आणि धर्मगुरूंना ‘फादर’ म्हणण्याची रीत, तर दोन मैलांवर गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्यांचे शब्द आणि जीन्स घातलेला व्हिकर. पहिलं नाही रुचलं तर दुसरीकडे जा. हद्द तुमचा हक्क ठरवते, पाय बांधत नाही.

दारातून आत

चपला-बूट काढायचे नाहीत. माझे हात पहिल्या वेळी नाडीकडे गेलेच होते. डोक्यावर पदर नको, पुरुषांनी टोपी काढावी. कपडे रोजचेच चालतात. फक्त कोट मात्र चांगला घाला, कारण सातशे वर्षांच्या दगडी भिंतींना हीटर काहीही वाटत नाही. दारात कुणीतरी हसून हातात दोन-तीन वस्तू देईल: गीतांचं पुस्तक, उपासनेची पुस्तिका आणि त्या आठवड्याच्या सूचनांचा कागद. तो कागद घरी न्या, पुढे सांगते का.

बसायचं कुठे? पुढच्या बाकावर नको, कारण उठायचं कधी हे समोरच्याला बघूनच कळणार आहे. शेवटच्या बाकावरही नको. ती जागा कुणाच्या तरी चाळीस वर्षांच्या वहिवाटीची असते. ते तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण शेजारी उभं राहून ‘नाही नाही, बसा बसा’ असं तीन वेळा म्हणतील. मधलं बाक धरा, बाजूच्या वाटेजवळचं. समोर लटकलेली भरतकामाची जाड उशी गुडघे टेकायची आहे. ती गावातल्या बायकांनी हातानं भरलेली असते, म्हणून तिच्यावर बूट ठेवू नये.

पुस्तिकेत साध्या अक्षरातलं म्हणणार धर्मगुरू आणि ठळक अक्षरातलं म्हणायचं सगळ्यांनी. एवढं कळलं की निम्मं काम झालं. क्रम साधारण असा: पापांची कबुली, स्तुती, बायबलमधले उतारे, शुभवर्तमान वाचताना सगळे उभे, मग उपदेश, विश्वासांगीकार, लोकांसाठी प्रार्थना. ज्यावर तुमचा विश्वास नाही ते वाक्य म्हणू नका. गप्प राहिल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. उपदेश बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. आपल्याकडच्या कीर्तनाची सवय असलेल्याला तो पूर्वरंगातच संपल्यासारखा वाटेल.

मध्येच ‘पीस’ येतं आणि गंभीर बसलेले इंग्रज अचानक उठून एकमेकांशी हात मिळवत फिरायला लागतात. घाबरू नका, ‘पीस बी विथ यू’ म्हणा. कोविडनंतर नमस्कारही सर्रास चालतो. या एका बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत.

नंतर गाणं चालू असताना पिशवी किंवा तबक फिरतं. द्यायचं तर द्या, नाहीतर शेजाऱ्याकडे सरकवा. बरेच लोक दरमहा बँकेतून देतात, तेही तबक रिकाम्या हातानंच पुढे सरकवतात. हल्ली दाराशी कार्ड टेकवायचं यंत्र असतं. मात्र एक समजून घ्या: गावच्या चर्चचा रोजचा खर्च सरकार चालवत नाही. वीज, छपराची गळती, विमा, आणि धर्मगुरूंच्या पगारासाठी डायसिसला, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाला, द्यायचा वाटा, हे सगळं याच तबकातून आणि केकविक्रीतून निघतं. तुम्ही इथे आयकर भरत असाल तर गिफ्ट एडच्या कागदावर सही करा. तुमच्या प्रत्येक पौंडामागे चर्चला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात.

तो प्रसाद नाही

यावर जरा थांबते, कारण आपल्याकडची बहुतेक माणसं इथेच चुकतात. मीही चुकले.

लोक रांगेनं पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि धर्मगुरू प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीची पांढरी चकती ठेवत येतात. हे दिसताच आपला उजवा हात नकळत पुढे होतो, डावा त्याच्या खाली जातो, तीर्थ घ्यावं तसा. माझा झाला. आमच्या व्हिकरबाई क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘आशीर्वाद देऊ का?’ मी मान हलवली, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, दोन वाक्यं म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही, पण माझे कान अर्धा तास गरम होते.

नियम असा: बाप्तिस्मा झालेल्या आणि आपापल्या चर्चमध्ये सहभागिता घेणाऱ्या कुठल्याही पंथाच्या ख्रिस्ती माणसाला इथे घेता येते. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी, म्हणजे पुण्याचं पंचहौद किंवा मुंबईचं सेंट थॉमस कॅथीड्रल ज्यांचं, त्यांना तर हे घरच आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन, परिवारातलीच ती. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिकांना इथून आडकाठी नाही, पण त्यांचं स्वतःचं चर्च परवानगी देत नाही. बाकीच्यांनी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून, मान खाली घालून पुढे जावं, म्हणजे आशीर्वाद मिळतो. किंवा जागेवरच बसावं, तेही अगदी रीतसर आहे.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: पेल्यात खरी वाईन असते. नको असेल तर नुसती भाकर घेतली तरी सहभागिता पूर्ण धरतात. गव्हाचं चालत नसेल तर उपासनेआधी दारातच सांगा, वेगळी चकती मिळते.

चहा

उपासना संपली म्हणून निघून जाल तर निम्मं चर्च बघायचं राहिलं. मागच्या बाजूला किंवा सभागृहात चहा, झटपट कॉफी आणि बिस्किटं असतात. पॅरिश ओळखायची ती इथेच.

आपल्या इतिहासात चर्चमधल्या चहानं केवढं रामायण घडवलं आहे! १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक अशा बड्या मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोश्यांनी ती बातमी बाहेर फोडली आणि प्रकरण ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त इथवर गेलं. ते मिशनही अँग्लिकनच. आता प्रायश्चित्त एवढंच की कॉफी फार पातळ असते.

बोलायचं काय? इंग्रज माणूस पहिल्या भेटीत पगार, लग्न, मुलं का नाहीत यातलं काही विचारत नाही. हवामान, लांबून आलात का, पार्किंग मिळालं का, एवढ्यावर थांबतो. तो तुटकपणा नव्हे. दुसऱ्या आठवड्यात तो तुमचं नाव चुकीचं पण मनापासून उच्चारेल आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून सलग तीन रविवार जा. एकदाच जाऊन ‘कुणी बोललंच नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त पुढच्या रविवारी सोबत नेते.

कोण कोण भेटेल

व्हिकर आणि रेक्टर यांतला फरक जुना, जमिनीच्या उत्पन्नाचा आहे. आज काम एकच. स्त्रिया १९९४ पासून धर्मगुरू आणि २०१५ पासून बिशप आहेत. हाक बहुतेक ठिकाणी पहिल्या नावानंच मारतात. सत्तरीच्या माणसाला एकेरी नावानं हाक मारताना आपली जीभ अडते, पण दोन-चार वेळा धडपडली की सरावते. त्यांच्या सुट्टीचा वार त्या सूचनांच्या कागदावर असतो. त्या दिवशी फोन नको.

क्युरेट म्हणजे शिकाऊ. जीव लावलात की तीन-चार वर्षांनी दुसरीकडे जातो. निळा पट्टा गळ्यात घातलेले रीडर उपदेश करतात, पण धर्मगुरू नसतात. चर्चवॉर्डन दोन, दर वर्षी निवडून येणारे. सणाला हातात काठी घेऊन पुढे चालतात, पण त्यांचं खरं काम म्हणजे गटारं, कुलपं आणि छपरावरचं शिसं चोरीला जाणार नाही हे पाहणं. चर्चमधल्या चांदीच्या पेल्यापासून खुर्च्यांपर्यंतच्या सगळ्या हलत्या सामानाची कायदेशीर मालकी त्यांच्या नावावर असते. पॅरोकियल चर्च कौन्सिल म्हणजे पीसीसी ही पंचायत. तिच्या बैठका आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारख्याच, फक्त आवाज खालचा.

आणि घंटावाले. हे लोक चर्चमध्ये असूनही थोडे बाहेरचे असतात, आणि श्रद्धा असो नसो, नवख्याला शिकवायला कायम तयार. इथली घंटा नुसती हलत नाही, चाकावर बसवलेली असते आणि दर ठोक्याला पूर्ण फेरा घेते. तिच्यावर सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. सहा घंटा असतील तर एकही क्रम पुन्हा न येता ७२० प्रकार होतात, आठ असतील तर ४०,३२०. हे आठांचे सगळे क्रम १९६३ साली लफबरोच्या घंटा ओतायच्या कारखान्यात आठ माणसांनी न थांबता वाजवले, त्याला १७ तास ५८ मिनिटं लागली. ढोल-ताशा पथकात गेलेल्या पोरापोरींना सांगते: दोरावरचा तो रंगीत लोकरी पकडीचा भाग, त्याला ‘सॅली’ म्हणतात, वेळेवर सोडायला शिकलात की पुढचं गणित आणि कान यांचं काम आहे. सरावाचा वार विचारा आणि जिना चढा. सराव संपला की सगळे पबमध्ये जातात, हाही विधीचाच भाग.

वर्षाचं चक्र

नाताळची गर्दी सगळ्यांना माहीत असते. मुलं लहान असतील तर २४ डिसेंबरच्या दुपारी क्रिब सर्व्हिसला जा, मेंढरांचे कपडे घातलेली पोरं पळापळ करत असतात. क्रिस्टिंगल म्हणजे संत्र्याला लाल फीत, वर मेणबत्ती, चार काड्यांवर गोळ्या आणि मनुका. मेणबत्ती आणि पुढच्या बाकावरच्या बाईचे केस यांत अंतर ठेवा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चौथ्या रविवारी मदरिंग संडे, आयांना फुलांची छोटी जुडी मिळते. शरद ऋतूत हार्वेस्ट, तेव्हा फुलं-फळांबरोबर डाळीचे, टोमॅटोचे डबे न्यावेत. ते पुढे फूड बँकेला जातात.

नोव्हेंबर मला सगळ्यांत जवळचा. महिन्याच्या सुरुवातीला दिवंगतांची नावं वाचली जातात. मागे ठेवलेल्या कागदावर कुणीही नाव लिहू शकतं. मी आजीचं लिहिलं. आदल्या संध्याकाळी व्हिकरबाईंचा फोन आला, नाव कसं उच्चारायचं म्हणून. नावात ‘ळ’ होता. दहा मिनिटं आम्ही दोघी फोनवर ‘ळ’ म्हणत होतो. त्यानंतरच्या रिमेंब्रन्स संडेला गावच्या युद्धस्मारकापाशी दोन मिनिटं स्तब्धता असते. तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची आठवण काढायला संकोच करू नका. दोघांनाही इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चहाच्या टेबलावर हे सांगितलं तेव्हा दोन निवृत्त सैनिक खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

मुलं, कागदपत्रं, हक्क

मुलं रडली तरी बाहेर पळू नका, कोपऱ्यात खेळण्यांची चटई असते. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मात्र काढायचे नाहीत. मुलांच्या गटात मदत करायची असेल तर डीबीएस नावाची पार्श्वभूमी तपासणी होते. तो अविश्वास नव्हे, सगळ्यांनाच लागू आहे. काही गाजलेल्या चर्च शाळांत प्रवेशासाठी चर्चमधली हजेरी धरतात. त्यापायी येणारे पालक लपून राहत नाहीत, प्रवेशाचं पत्र आलं की त्यांची बाकं रिकामी होतात.

लग्न हद्दीतल्या कुणालाही पॅरिश चर्चमध्ये करता येतं, पण दोघांपैकी एकाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर चर्चमध्ये तीन रविवारी होणारी लग्नाची घोषणा बहुधा पुरत नाही. आधी रजिस्टर ऑफिसात नोटीस द्यावी लागते, म्हणून हॉल ठरवण्याआधी व्हिकरना भेटा.

बाप्तिस्मा झालेल्या, सोळा वर्षांवरच्या माणसाला चर्चच्या इलेक्टोरल रोलवर नाव घालता येतं. हद्दीबाहेर राहत असाल तर सहा महिने नियमित आलेलं असावं लागतं. मग पीसीसीच्या निवडणुकीत मत मिळतं. पण खरी गंमत पुढे आहे. वार्षिक सभा ३१ मेच्या आत होते आणि तिच्या आधी चर्चवॉर्डन निवडायला जी सभा भरते, तिथे हद्दीत राहणाऱ्या, नगरपालिकेच्या मतदार यादीत नाव असलेल्या कुणालाही मत देता येतं. धर्म विचारत नाहीत. आणि भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला असल्यामुळे त्याचं नाव इथल्या मतदार यादीत लागतं. म्हणून दर वसंतात मी, देव्हाऱ्यात गणपती असलेली बाई, चर्चवॉर्डनसाठी हात वर करते.

आणि धर्मांतराचं काय?

हा प्रश्न फोनवर आईनंही विचारला होता. गेल्या इतक्या वर्षांत मला कुणी एकदाही विचारलेलं नाही. कुणी आपणहून त्या वाटेनं गेलं तर तेही इथे घाईनं होत नाही. ऑक्सफर्डशायरमधल्या वाँटेजच्या पॅरिश चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर्सकडेच त्या राहत होत्या. पण पाण्यात माथा भिजल्यावरही बाईंनी प्रश्न विचारणं थांबवलं नाही. सिद्धान्तांवरून त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार वाचला तर कळतं, कोण कुणाला शिकवत होतं. ते चर्च आजही उभं आहे. बाजाराच्या चौकापासून चालत जाता येतं, जमलं तर बघून या.

रोटा

तीन महिने झाले की कुणीतरी कागद घेऊन येईल आणि सहज विचारल्यासारखं विचारेल, कॉफीच्या रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या यादीवर, नाव घालू का? हो म्हणा. फुलं, वाचन, साफसफाई असे इतरही रोटे असतात. वाचनाला अगदी ख्रिस्ती नसाल तर नको, पण कॉफीला काहीच आड येत नाही. आपल्या वाराला जमणार नसेल तर व्हिकरना कळवायचं नाही, यादीतल्या दुसऱ्या कुणाशी अदलाबदल आपणच करायची. दूध शनिवारी आणून ठेवा. बिस्किटांत एक डबा बिनअंड्याचा ठेवा, आता विचारणारे आणखीही आहेत. आणि पाण्याचा तो मोठा बंब उकळायला पाऊण तास घेतो, म्हणून त्याचं बटण पहिल्या गीताच्या आधी दाबा. उपदेशाच्या वेळी उठून स्वयंपाकघरात गेलात तर सगळ्या चर्चला दाराची करकर ऐकू जाते.